जन्म मद्रासचा, कप कंधारच्या नावाचा आणि शर्यत आल्प्सच्या बर्फावर: गोष्ट स्लॅलमचे नियम लिहिणाऱ्या आर्नोल्ड लनची

जानेवारी २०२३. युरोपात नवीन वर्ष उजाडलं तेच नको तितकं उबदार. स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेन गावात स्कीइंगची वर्ल्ड कप शर्यत ठरलेली होती आणि तिथले फोटो जगभर फिरले. आजूबाजूचा डोंगर हिरवा-तपकिरी आणि त्यावरून खाली आलेली एकच पांढरी पट्टी. कुणीतरी कुरणावर धोतर वाळत घालावं तशी. त्या पट्टीवरून जगातले अव्वल स्कीअर्स सुसाट खाली आले, शर्यत झाली, निकालही लागला.

फोटो बघून हवामानबदलाची चर्चा झाली आणि ती रास्तच होती. पण एक साधा प्रश्न मागं राहिला. बाजूचं सगळं वितळलं, तर ती पट्टी कशी काय टिकली?

हे समजून घ्यायला एका माणसाची गोष्ट कामाला येते. झेंड्यांच्या जोड्यांमधून नागमोडी वळत खाली येण्याच्या शर्यतीला स्लॅलम म्हणतात. हिवाळी ऑलिम्पिकच्या रील्समध्ये तुम्ही ती शंभर वेळा पाहिली असेल. तिचे आजचे नियम ज्याच्या डोक्यातून आले, त्याचा जन्म झाला होता मद्रासमध्ये. जिथं बर्फ फक्त सरबतात दिसतो अशा शहरात.

त्याचं नाव आर्नोल्ड लन.

१८ एप्रिल १८८८ ला आर्नोल्ड जन्मला तेव्हा त्याचे वडील हेन्री लन मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून भारतात आले होते. हेन्री गप्प बसणारा माणूस नव्हता. भारतातले मिशनरी फारच ऐषारामात राहतात, अशी जाहीर टीका त्यानं इंग्लंडला परतल्यावर केली आणि मिशनच्या वर्तुळात मोठा वाद पेटला. पुढं त्यानं वेगळाच उद्योग धरला. वेगवेगळ्या चर्चच्या लोकांनी एकत्र बसून बोलावं म्हणून त्यानं १८९२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रिंडेलवाल्डला परिषद भरवली. माणसं न्यायची, उतरवायची, खायला घालायची, परत आणायची. हे करता करता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला टूर कंपनी चालवता येते.

त्या काळात आल्प्स म्हणजे उन्हाळ्यातली जागा. हिवाळ्यात हॉटेलांना कुलूप. हेन्रीनं ही कुलपं उघडायला लावली. इंग्लंडच्या श्रीमंत शाळांतून शिकलेल्या लोकांसाठी त्यानं एक क्लब काढला आणि त्यांना हिवाळ्यात डोंगरात न्यायला लागला. सुरुवातीच्या ठिकाणांत आडेलबोडेनही होतं. होय, तेच पांढऱ्या पट्टीवालं. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यानं म्यूरेन या गावाकडं जाणारी डोंगरातली रेल्वेही चालू ठेवायला लावली. हे म्यूरेन लक्षात ठेवा, पुढं सगळं तिथंच घडतं.

आर्नोल्डनं पायाला पहिल्यांदा स्की बांधल्या त्या १८९८ मध्ये, फ्रान्समधल्या शामोनीला, वयाच्या दहाव्या वर्षी. पुढं ऑक्सफर्डला गेला तेव्हा अभ्यास कमी आणि डोंगर जास्त असा प्रकार होता. १९०८ मध्ये त्यानं अल्पाइन स्की क्लब काढला. जानेवारी १९०९ मध्ये रोजे नावाच्या स्विस प्राध्यापकाबरोबर त्यानं कांडरश्टेगपासून मायरिंगेनपर्यंत हिमनद्यांवरून, भर हिवाळ्यात, स्कीवरून सफर केली.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घात झाला. वेल्समधल्या केडर इड्रिस डोंगरावर चढताना हातातला खडक सुटला. आर्नोल्ड खाली कोसळला आणि उजव्या पायाचा चुराडा झाला. पाय कापावा लागेल की काय अशी वेळ होती. पाय वाचला, पण कायमचा आखूड राहिला आणि जखम पुढं कित्येक वर्षं वाहत राहिली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. स्कीइंग संपलं असं कुणीही म्हटलं असतं.

त्यानं ते संपवलं नाही. उलट स्की चालवायला जोर कमी पडतो म्हटल्यावर त्यानं बर्फाकडं जास्त बारकाईनं बघायला सुरुवात केली, असं त्याच्या पुढच्या कामावरून वाटतं. धडधाकट माणसाला वाईट बर्फ म्हणजे जरा त्रास. एक पाय आखूड असलेल्या माणसाला वाईट बर्फ म्हणजे पुन्हा हॉस्पिटल.

आता कंधारचं प्रकरण. नांदेड जिल्ह्यातलं कंधार नव्हे, अफगाणिस्तानातलं. १८८० मध्ये मैवंदच्या लढाईत ब्रिटिश फौजेचा सडकून पराभव झाला, त्या फौजेत बॉम्बे आर्मीच्या पलटणीही होत्या. त्यानंतर जनरल रॉबर्ट्स काबूलहून कंधारपर्यंत जवळजवळ ५०० किलोमीटर फौज चालवत घेऊन गेला आणि जिंकला. पुढं तो लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंधार झाला. हा रॉबर्ट्स जन्मानं कानपूरचा. तर हेन्री लनच्या क्लबशी संबंध असलेल्या या म्हाताऱ्या सेनापतीच्या नावानं एक कप ठेवला गेला आणि जानेवारी १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंताना गावात त्यासाठी शर्यत झाली. यामागं डोकं आर्नोल्डचं.

नियम अगदी सोपा. वरच्या हिमनदीजवळच्या झोपडीपासून सगळ्यांनी एकदम सुटायचं, जो आधी गावात पोचेल तो जिंकला. दहा जण धावले. विजेत्याला एक तासाच्या थोडा वर वेळ लागला. उतार कुणी तयार केलेला नव्हता, वाट आखलेली नव्हती. समोर येईल तो बर्फ. कुठं पिठासारखा, कुठं वर कडक पापुद्रा आणि खाली पोकळ, कुठं वाऱ्यानं घासून काचेसारखा केलेला. जो बर्फ ओळखून वाट निवडेल त्याचा फायदा.

त्या वेळी स्कीइंगचे मालक म्हणजे नॉर्वे आणि स्वीडन. त्यांच्या मते खरं स्कीइंग म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत आणि उंचावरून उडी. फक्त उतारावरून खाली येणं हा त्यांना पोरखेळ वाटायचा. आर्नोल्डचं आयुष्य पुढची २० वर्षं या लोकांशी भांडण्यात गेलं.

पहिलं महायुद्ध आलं तेव्हा पायामुळं त्याला सैन्यात घेतलं नाही. स्वित्झर्लंड तटस्थ होतं आणि जर्मनीच्या ताब्यातल्या जखमी ब्रिटिश कैद्यांना तिथं ठेवायची सोय झाली होती. म्यूरेनची रिकामी हॉटेलं या सैनिकांनी भरली आणि आर्नोल्ड तिथं त्यांच्या कामाला लागला. हिवाळ्यात तो रोज बर्फावर. जून १९१७ मध्ये त्यानं जोसेफ क्नूबेल या वाटाड्याबरोबर ४,५४५ मीटर उंचीचं डोम शिखर स्कीवर गाठलं. तोवर हे कुणी केलं नव्हतं. एका आखूड पायानं केलं.

जूनमध्ये का? इथं बर्फाचं पहिलं गुपित आहे.

उंच आल्प्समध्ये स्कीसाठी सगळ्यात भरवशाचे दिवस वसंतातले, भर हिवाळ्यातले नव्हेत, हे आर्नोल्ड हिरिरीनं मांडायचा. कारण असं. दिवसा ऊन पडतं, वरचा थर ओला होतो. बर्फाचे टोकदार कण गोल होतात, एकमेकांना बिलगतात. रात्री आभाळ निरभ्र असलं की पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडं फेकतो आणि कण एकमेकांना चिकटून घट्ट गोठतात. सकाळी उतार काँक्रीटसारखा. दहा-अकरा वाजता वरचा इंचभर मऊ होतो आणि त्यावर स्की अशी वळते की बस. दुपारनंतर मात्र सगळं खोलवर भिजतं, मग तिथून निघालेलं बरं. म्हणजे वितळणं हा इथं शत्रू नाही. वितळल्यावर पुन्हा गोठायला रात्र मिळाली पाहिजे, एवढंच.

भर हिवाळ्यात अचानक येणाऱ्या उबेत नेमकी ही रात्र मिळत नाही.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात फॉन वारे नावाचा प्रकार होता, आठवतोय? आल्प्स ओलांडून येणारी हवा एका बाजूला पाऊस-बर्फ टाकून येते आणि दुसऱ्या बाजूला उतरताना दर १०० मीटरला साधारण १ अंशानं तापत जाते. म्यूरेन ज्या भागात आहे, तिथं हे वारे नेहमीचे. एका रात्रीत पारा वर जातो आणि छतावरून पाणी टपकायला लागतं. पण हा वारा कोरडा असतो. बर्फाची थेट वाफ करताना तो बर्फातूनच उष्णता खेचतो, त्यामुळं वितळण्याचा वेग थोडा कमी होतो.

त्याहून वाईट काय? दमट, ढगाळ, वाऱ्याची रात्र. कुकरच्या वाफेचा चटका बसतो तो तेवढ्याच गरम कोरड्या हवेपेक्षा जास्त लागतो ना? तेच इथं. हवेतली वाफ थंड बर्फावर येऊन पाणी होते तेव्हा उष्णता सोडते. एक किलो वाफेचं असं पाणी झालं तर साधारण साडेसात किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता बाहेर पडते. वर ढगांची गोधडी, म्हणजे रात्री उष्णता निसटायलाही जागा नाही. म्हणून स्कीवाले लोक धुक्याला उन्हापेक्षा जास्त घाबरतात.

आणि पाऊस? इथं आपला अंदाज चुकतो. ५ अंशांचा १० मिलिमीटर पाऊस शून्य अंशाच्या बर्फावर पडला, तर त्याच्या स्वतःच्या उष्णतेनं पाऊण मिलिमीटर पाण्याइतकाही बर्फ वितळत नाही. पावसाचं नुकसान वेगळं आहे. पाणी कणांच्या मधे शिरतं आणि त्यांना धरून ठेवणारे सांधे सुटतात. बर्फ तिथंच असतो, पण त्याची ताकद गेलेली असते. लापशी झालेली असते. मग थंडी परत आली की ही लापशी जशी असेल तशी गोठते, पावलांच्या खड्ड्यांसकट.

हे सगळं आकड्यांत आर्नोल्डनं मांडलेलं नाही, ते पुढच्या शास्त्रज्ञांचं काम. पण १९२१ मध्ये आलेल्या त्याच्या अल्पाइन स्कीइंगवरच्या पुस्तकात बर्फाचे प्रकार, ते कशानं बदलतात, कुठल्या उतारावर कधी जावं, हिमस्खलन कसं ओळखावं, याचा कीस पाडलेला आहे. त्याच वर्षी जानेवारीत समोरच्याच वेंगेन गावात ब्रिटिश राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिच्यात उतारावरची शर्यत होती. एका देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत असं प्रथमच झालं.

मग आला २१ जानेवारी १९२२. जागा म्यूरेनमधला सरावाचा उतार.

स्लॅलम हा शब्द नॉर्वेचा आणि जुना. पण तोवर वळणांच्या स्पर्धेत परीक्षक बसायचे आणि किती डौलदार वळलास याचे गुण द्यायचे. आर्नोल्डचा याला विरोध होता. डौलाचं काय करायचं? झाड समोर आलं तर सुंदर वळून उपयोग नाही, वेळेत वळलं पाहिजे. त्यानं झेंड्यांच्या जोड्या रोवल्या, प्रत्येक जोडीतून जायचं आणि घड्याळ लावायचं. जो कमी वेळात खाली तो पहिला. विषय संपला.

पण यातूनच एक नवीन भानगड सुरू झाली. मोकळ्या डोंगरावर दहा जण दहा वाटांनी जातात. स्लॅलममध्ये प्रत्येकाला त्याच जागी वळावं लागतं. वळताना सगळा जोर एका कडेवर येतो, कण उखडतात, बाहेर फेकले जातात. पाचव्या माणसाला छोटी घळ मिळते, विसाव्याला खड्डा. बर्फ ओला असेल तर विचारूच नका. म्हणजे घड्याळ न्याय करेल म्हणून आणलं आणि बर्फानं तो न्याय पहिल्या नंबरच्या बाजूनं झुकवला. आजही वर्ल्ड कपमध्ये पहिल्या फेरीतले पहिले ३० जण दुसऱ्या फेरीत उलट्या क्रमानं सोडतात. त्यामागं हेही एक कारण आहे.

म्हणून शर्यतीआधी उतार दाबून घ्यायला सुरुवात झाली. मशीन नव्हतं. माणसं रांगेत उभी राहायची आणि स्की आडव्या टाकत, पावला-पावलानं, अख्खा उतार तुडवत जायची.

इथं दुसरं गुपित. गोळेवाला काय करतो बघा. किसलेला बर्फ सुटा असतो तेव्हा हातात धरला तर बघता बघता पाणी. तोच काडीभोवती दाबला की गोळा तयार, आणि तो पोरगं रस्ताभर चोखत जातं. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते, एका घनमीटरमध्ये जेमतेम १०० किलो. दाबून तयार केलेल्या उतारावर तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास बर्फ बसतो. वितळायला किलोमागं उष्णता तेवढीच लागते, म्हणजे त्याच जाडीचा थर घालवायला पाचपट उष्णता हवी. शिवाय दाबल्यावर काही तास शांत ठेवला की कणांमधले सांधे आपोआप जाड होत जातात.

आडेलबोडेनच्या पट्टीचं अर्धं उत्तर हे आहे. उरलेलं अर्धं उत्तर यायला अजून ३० वर्षं होती.

त्याआधी १९२८ चा हिवाळा. आर्नोल्डच्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात गजबजलेला.

२९ जानेवारीला त्याच्या म्यूरेनमधल्या मंडळींनी एक वेडी शर्यत केली. या मंडळींच्या क्लबचं नाव कंधार स्की क्लब, तो १९२४ मध्ये निघाला होता. म्यूरेनच्या डोक्यावर २,९७० मीटरचं शिल्टहॉर्न शिखर आहे. जेम्स बाँडच्या एका सिनेमात शिखरावरचं गोल फिरणारं रेस्टॉरंट आहे ना, तेच. तिथून थेट दरीच्या तळाशी, सुमारे ८०० मीटरवरच्या लाउटरब्रुनेनपर्यंत जायचं. शर्यतीचं नाव इन्फर्नो, म्हणजे नरक. पहिला आला त्याला १ तास १२ मिनिटं लागली. धावणाऱ्यांत बायकाही होत्या. या एका शर्यतीत बर्फाचे सगळे अवतार भेटतात. वर कोरडा भुगा, मधे वाऱ्याचा पापुद्रा, खाली ओली लापशी आणि कधी कधी गवतही.

दोन आठवड्यांनी सेंट मॉरिट्झला हिवाळी ऑलिम्पिक होतं. तिथं उबेनं घोळ घातला. १४ फेब्रुवारीला ५० किलोमीटरची स्की शर्यत सुरू झाली तेव्हा हवा गोठणबिंदूच्या आसपास होती, आणि शर्यत चालू असतानाच पारा २५ अंशांपर्यंत चढला. थंड बर्फासाठी स्कीला लावलेलं मेण ओल्या बर्फात निकामी झालं. स्वीडनचा पेर-एरिक हेडलुंड जिंकला, वेळ ४ तास ५२ मिनिटं. चार वर्षांपूर्वी शामोनीच्या विजेत्यानं ३ तास ४४ मिनिटं घेतली होती. त्याच दिवशी १०,००० मीटर स्केटिंगची शर्यत बर्फ मऊ पडल्यानं अर्ध्यात सोडावी लागली आणि रद्दच झाली.

आर्नोल्डच्या शर्यती तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हत्याच. महिनाभरात, मार्चच्या सुरुवातीला, त्यानं ऑस्ट्रियाच्या सेंट अँटोन गावात हानेस श्नायडरबरोबर स्वतःची स्पर्धा उभी केली, आर्लबर्ग-कंधार. श्नायडर म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा स्की शिक्षक. अफगाणिस्तानच्या एका शहराचं नाव असं आल्प्समध्ये कायमचं जाऊन बसलं. आजही युरोपात स्कीच्या कितीतरी उतारांना कंधार म्हणतात आणि तिथल्या पोरांना ते शहर कुठं आहे याचा पत्ता नसतो.

१९३० मध्ये ओस्लोच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं शेवटी हात टेकले. उतारावरची शर्यत आणि स्लॅलम, दोन्हींना मान्यता. १९३१ मध्ये पहिली अल्पाइन जागतिक स्पर्धा झाली ती अर्थातच म्यूरेनला, बायकांच्या शर्यतींसह. एस्मे मॅकिनन या ब्रिटिश मुलीनं दोन्ही शर्यती मारल्या.

१९३६ ला या शर्यती ऑलिम्पिकमध्ये गेल्या. हे आर्नोल्डचं स्वप्न. पण ते ऑलिम्पिक होतं हिटलरच्या जर्मनीत, गार्मिश-पार्टेनकिर्शेनला. आर्नोल्ड तिथं स्लॅलमचा रेफरी होता आणि नाझींना त्याचा उघड विरोध होता. त्याचा मुलगा पीटर ब्रिटिश संघाचा कॅप्टन होता, तो उद्घाटनाच्या संचलनात चाललाच नाही. (हा पीटर पुढं ब्रिटिश गुप्तहेर खात्यात गेला आणि बर्लिनमध्ये रशियन टेलिफोन तारा ऐकण्यासाठी खणलेल्या बोगद्यामागं तोही होता. त्याची गोष्ट वेगळी लिहावी लागेल.)

दोन वर्षांनी खरी परीक्षा आली. मार्च १९३८ मध्ये आर्लबर्ग-कंधार सेंट अँटोनला ठरलेली होती. सगळी तयारी झालेली. १२ मार्चला हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात घुसलं आणि नाझींनी श्नायडरला पकडलं. त्याचा गुन्हा काय, तर तो नाझींना मानत नव्हता. शर्यत घ्या, असं म्हणणारे लोक होतेच. खेळात राजकारण नको, हे वाक्य तेव्हाही मिळायचं. आर्नोल्डनं शर्यत रद्द केली. ज्या गावाच्या माणसानं ही स्पर्धा उभी केली तो तुरुंगात असताना त्याच गावात झेंडे रोवायचे नाहीत. स्वतः घडवलेली स्पर्धा त्यानं स्वतः मोडली. श्नायडर पुढं सुटला आणि १९३९ मध्ये अमेरिकेला गेला.

युद्धानंतर आल्प्स बदलले. वर न्यायला लिफ्ट आल्या, माणसं वाढली आणि सगळी एकाच उतारावरून खाली यायला लागली. त्यांच्या जाण्यानंच बर्फ दाबला जायला लागला, मग दाबायला मशीनही आली. या तयार उताराला तिकडं पिस्त म्हणतात. आर्नोल्डला पिस्त आवडली नाही. तिच्यावर वाढलेल्या पोरांना वेग येतो पण बर्फ वाचता येत नाही, ही त्याची म्हातारपणची तक्रार. गंमत म्हणजे पिस्तची गरज निर्माण करण्यात त्याच्याच झेंड्यांचा हात होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

आणि इथंच त्या पट्टीचं उरलेलं उत्तर येतं. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात काही लोकांनी पाणी आणि दाबाची हवा एकत्र फवारून बर्फ तयार केला. हा बर्फ निसर्गातल्या पाकळीदार चांदण्यांसारखा नसतो. ते बारीक गोल मणी असतात, पडतानाच दाट बसतात. म्हणून उबेत तो जास्त तग धरतो. एक अडचण मात्र आहे. साध्या भाषेत, हवा कोरडी आणि शून्याखाली असेल तेव्हाच ही मशीन नीट चालते. ऊब आल्यावर मशीन लावून उपयोग नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड रात्रींत जो साठा केला, तोच जानेवारीच्या उबेत खर्चायचा. शिल्लक किती, यावर सगळं.

ऊब आलीच तर उतार सांभाळणारे लोक मग काय करतात? पाणी साचू नये म्हणून आडवे चर काढून देतात. ओल्या बर्फावर लगेच मशीन फिरवत नाहीत, पाणी निथळून वरचा थर धरायला लागेपर्यंत थांबतात. नाहीतर सकाळी फरशी तयार. खाली गवताचं कुरण असेल तर थोड्या बर्फात भागतं, दगड असतील तर जास्त लागतो. आणि शर्यत तोंडावर असेल तर चक्क मीठ टाकतात. पॉटमधलं आइस्क्रीम आठवा. बर्फात मीठ घातलं की ते थोडा बर्फ वितळवतं, पण त्यासाठी लागणारी उष्णता शेजारून ओढून घेतं आणि शेजारचं पाणी गोठतं. ओल्या उतारावर तसाच कडक थर धरतो. तो काही तास पुरतो. शर्यतीपुरता.

कोरड्या बर्फावर मीठ टाकून काही होत नाही, त्याला आधी ओल लागते. हेही गोळेवाल्याला आणि आइस्क्रीमवाल्याला शाळेत न जाता माहीत असतं.

आर्नोल्डनं हे बदल होताना पाहिले. १९६४ ला इन्सब्रुक ऑलिम्पिकच्या वेळी बर्फच पडला नाही, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्यानं वरच्या डोंगरातून ४०,००० घनमीटर बर्फ वाहून आणला आणि पायांनी तुडवून उतार तयार केले. चाळीस वर्षांपूर्वी म्यूरेनमध्ये चालायचं तसंच, फक्त गणवेशात.

१९५२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, ब्रिटिश स्कीइंगसाठी आणि ब्रिटन-स्वित्झर्लंड संबंधांसाठी. दरम्यान १९३३ मध्ये तो कॅथलिक झाला होता, धर्मावर, डोंगरांवर, राजकारणावर ढीगभर पुस्तकं लिहून झाली होती आणि ब्रिटिश स्कीइंगचं वार्षिक तो १९२० पासून कित्येक दशकं संपादित करत होता. १९२४ मध्ये आयगर शिखरावर पहिल्यांदा स्की घेऊन गेलेल्या चौघांतही तो होता, हे सांगायचं राहिलंच. २ जून १९७४ ला, ८६ व्या वर्षी, त्याचं निधन झालं.

कंधार स्की क्लब आजही आहे. इन्फर्नोही दर जानेवारीत होते, आता १,८५० लोक धावतात आणि जागा मिळायची मारामार असते. पूर्ण शर्यत १४.९ किलोमीटरची, वरून थेट लाउटरब्रुनेनपर्यंत. पण खालच्या कुरणांवर बर्फ टिकला नसेल तर ती तिथवर जात नाही. मग शेवटची रेघ वर, सुमारे १,६०० मीटरवरच्या विंटरएग्गला आखतात. शर्यतीच्या आधीच्या दिवसांत आयोजक दरीत उतरून कुरणं बघून येतात आणि त्या वर्षीचा नरक किती खोल ते जाहीर करतात.